आवाज काहून नाही येऊन राह्यला?

दुकानात संगणक घेऊन येणाऱ्या माणसाला ऑपरेटिंग सिस्टीमशी काही देणंघेणं नसतं. तो पत्र्याचा डबा काउंटरवर ठेवतो (आमच्याकडे त्या अख्ख्या डब्यालाच ‘सीपीयू’ म्हणतात), घाम पुसतो आणि म्हणतो, “फॉरमॅट मारून द्या भाऊ, लय हँग होऊन राह्यला.” २००६-०७ च्या सुमाराला चंद्रपुरात जटपुरा गेटच्या आत आम्हा दोघा मित्रांचं दुरुस्तीचं दुकान होतं. डबा उघडला की आत काळी भुकटी. आजूबाजूला कोळशाच्या खाणी, उशाशी औष्णिक वीज केंद्र. पंख्याच्या पात्यांवर जिल्ह्याचा अख्खा भूगोल चिकटलेला असायचा. ब्रशने झाडला की निम्मा हँगपणा तिथेच जायचा. उरलेला निम्मा व्हायरसचा. पेन ड्राइव्हमधून ‘न्यू फोल्डर डॉट ईएक्सई’ यायचं, फोल्डरचा पिवळा वेष घेऊन, आणि माणूस फोल्डर समजून त्याच्यावर दोनदा टिचकी मारायचा. विंडोज बहुतेक सगळ्यांचीच चोरीची. ती पुन्हा टाकायची, पंधरवड्याने डबा पुन्हा काउंटरवर.

म्हणून आम्ही, जो तयार होईल त्याला, उबुंटू नावाची मुक्त लिनक्स सिस्टीम टाकून द्यायला लागलो. सीडीला पैसे पडत नव्हते. उबुंटूची कंपनी तेव्हा मागेल त्याला घरपोच सीडी पाठवायची. ‘शिपइट’ नावाची ती योजना एप्रिल २०११ मध्ये बंद झाली. नेदरलँड्सहून पुठ्ठ्याचं पाकीट यायचं, सोबत स्टिकर. पोस्टमन ते पाकीट उलटसुलट करून बघायचा. परदेशातून यांना फुकट कोण काय पाठवतं, हे त्याला कधी पटलं नाही. सीडी यायला उशीर झाला तर ‘लिनक्स फॉर यू’ मासिकासोबतची चकती होतीच.

सिस्टीम छान चालायची. कमी मेमरीच्या जुन्या डब्यावरही उभी राहायची. टायपिंगला ओपनऑफिस, फोटोला गिम्प, इंटरनेटला फायरफॉक्स, वेळ घालवायला पत्ते, सगळं आतच. मराठीही दिसायची, आणि बऱ्याच ठिकाणी विंडोजपेक्षा नीट दिसायची. गिऱ्हाईक खूश होऊन डबा घरी न्यायचं आणि एक-दोन दिवसांत परत यायचं. तक्रार सगळ्यांची एकच. गाणं लावलं, पट्टी पुढे सरकून राहिली, आवाज काहून नाही येऊन राह्यला?

पहिल्यांदा माणूस स्पीकरची वायर बघतो. वायर ठीक असते. मग साउंड कार्डाचा ड्रायव्हर बघतो. तोही असतो, सिस्टीम सुरू होतानाची ढोलकीसारखी धून व्यवस्थित वाजलेली असते. तांत्रिक बिघाड कुठेच नाही. एमपीथ्री वाजवण्याचं गणित जर्मनीत एरलांगेनच्या फ्राउनहोफर संस्थेच्या आणि तिच्या भागीदारांच्या पेटंटांत अडकलेलं होतं. त्यामुळे जगभर फुकट वाटल्या जाणाऱ्या सीडीत ते घालायची कुणाची टाप नव्हती. वेबवरची हलती चित्रं दाखवणाऱ्या फ्लॅशच्या बाबतीत आणखी वेगळं. तो अडोबीचा बंद डबा, आतला सोर्स कोड कुणालाच दिसत नाही, आणि वाटायचा तर अडोबीच्या अटींवर. गाण्यांच्या साइटला रिअल प्लेअर, निविदांच्या साइटला जावा. एकेका दारावर एकेक पहारेकरी, आणि ब्राउझर मात्र बापडा सगळ्यांपुढे हात जोडून उभा.

तेव्हा ‘प्लगइन’ हा प्रकार अक्षरशः असा होता: एक फाइल. फ्लॅशची फाइल होती ‘लिबफ्लॅशप्लेअर डॉट एसओ’. ती घ्यायची, घरच्या फोल्डरमध्ये कंट्रोल-एच दाबून लपलेले फोल्डर उघडे करायचे, ‘डॉट मोझिला’च्या आत ‘प्लगइन्स’ नावाचा फोल्डर नसेल तर हाताने तयार करायचा, आणि ही फाइल त्यात टाकायची. फायरफॉक्स बंद करून पुन्हा उघडायचा. पत्त्याच्या जागी ‘अबाउट कोलन प्लगइन्स’ लिहायचं. यादीत ‘शॉकवेव्ह फ्लॅश’ दिसलं की काम झालं. एवढंच. पण ही एवढीशी गोष्ट केल्यावर स्क्रीनवरच्या करड्या चौकोनात अचानक माणसं हलायला लागायची, आणि गिऱ्हाइकाच्या नजरेत आपण एकदम डॉक्टर व्हायचो. पुढे ही सगळी बांधाबांध एका पॅकेजमध्ये आली, ‘उबुंटू-रिस्ट्रिक्टेड-एक्स्ट्राज’. नावातच सांगितलं होतं की हा माल बंधनातला आहे.

त्या काळची एक खिडकी मला अजून शब्दन् शब्द आठवते. २००७ नंतरच्या उबुंटूत एखादं गाणं उघडलं की सिस्टीम विचारायची, याचं प्लगइन शोधू का? हो म्हटलं की ही खिडकी. तिच्यात लिहिलेलं असायचं, की या सॉफ्टवेअरच्या वापरावर काही देशांत बंधनं असू शकतात. तेव्हा पुढच्यांपैकी एक तरी गोष्ट खरी असल्याची खात्री करून घ्या. एक, तुम्ही राहता त्या देशात ही बंधनं लागू नाहीत. दोन, तुमच्याकडे परवानगी आहे, उदाहरणार्थ पेटंटचा परवाना. तीन, तुम्ही हे फक्त संशोधनासाठी वापरत आहात. खाली एक बटण, ‘कन्फर्म’.

चढलेल्या तापमानात कुलर फडफडतोय, समोर मूलहून आलेलं गिऱ्हाईक ‘झालं का?’ म्हणून उभं आहे, आणि दुकानातल्या पोऱ्याला आंतरराष्ट्रीय पेटंट कायद्याबद्दल शपथेवर उत्तर द्यायचं आहे. आम्ही अर्थातच दाबायचो. जगभर सगळेच दाबायचे. पण मला त्या खिडकीचं कौतुक वाटायचं, आणि आज जास्तच वाटतं. तिने निदान खरं काय ते तोंडावर सांगितलं होतं: अडचण यंत्रात नाही, कागदात आहे.

मग मी पहिल्या पर्यायाच्या मागे लागलो. आपल्या देशात ही बंधनं लागू आहेत का? आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याचं कलम ३(के) म्हणतं, नुसता संगणक प्रोग्राम हा शोध नव्हे, त्याला पेटंट नाही. डिसेंबर २००४ मध्ये सरकारने वटहुकूम काढून या कलमाला थोडी फट पाडली होती. २००५ मध्ये संसदेने कायदा करताना ती फट बुजवली. म्हणजे जे गणित अमेरिकेत कुणाच्या मालकीचं होतं, ते त्याच रूपात चंद्रपुरात कुणाच्याच मालकीचं नव्हतं, तरी सीडी मुकीच यायची. जगात सगळ्यांना एकच सीडी, तेव्हा ती सगळ्यांत कडक कायदा असलेल्या देशाच्या मापाने शिवलेली. पण हेही वाटतं तितकं सरळ नाही. २०१३ मध्ये एरिक्सनने मायक्रोमॅक्सवर दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला, तेव्हा कळलं की ‘प्रोग्राम’ म्हणून जे दारातून आत येत नाही ते ‘पद्धत’ आणि ‘यंत्र’ म्हणून खिडकीतून येऊ शकतं. त्या दाव्यातल्या पेटंटांमध्ये एएमआरचीही होती. ‘एएमआर’ या तीन अक्षरांशी माझी ओळख त्याआधीच झालेली होती, आणि ती कोर्टाच्या बातमीतून झालेली नव्हती.

कोरचीकडचा एक पोरगा चंद्रपुरात शिकायला होता. त्याने गावच्या लग्नातला रेला नाच मोबाइलवर काढून आणला होता. कॅमेरावाला साधा फोन, त्यात ‘थ्रीजीपी’ नावाची फाइल व्हायची. त्याच्या संगणकावर आम्ही आधीच सगळं टाकून दिलेलं: एमपीथ्री, फ्लॅश, सगळं. फाइल उघडली. हातात हात गुंफलेल्या पोरी, पावलं एका लयीत मागे-पुढे, मागे मांडवाचे बांबू, चित्र बरं दिसत होतं. आवाज नाही. गावातल्या बायका तोंड उघडून गात आहेत आणि आत काहीच येत नाही. पोरगा माझ्याकडे बघायला लागला. “फोनवर तर येते भाऊ.” फोनवर लावून दाखवलं. येत होता, पातळ, चिरका, पण गोंडी शब्द कळण्याइतका.

भानगड एएमआरची होती. फोनवरचं बोलणं कमीत कमी जागेत दाबून पाठवण्यासाठी केलेली ती पद्धत. सेकंदाला जास्तीत जास्त १२.२ किलोबिट. मोबाइल दूरसंचाराच्या मानकांत ती १९९९ मध्ये आली, आणि तिच्यावर एरिक्सन, नोकिया, व्हॉइसएज अशा कंपन्यांची पेटंट. लिनक्सवर गाणी-चित्रपट चालवणाऱ्या जीस्ट्रीमर नावाच्या यंत्रणेने आपल्या प्लगइनांची तीन गाठोडी बांधली आहेत, आणि त्यांना त्या जुन्या काउबॉय सिनेमावरून नावं दिली आहेत: गुड, बॅड आणि अग्ली. गुड म्हणजे कोडही चांगला, कागदपत्रंही स्वच्छ. बॅड म्हणजे कोड अजून कच्चा. आणि अग्ली म्हणजे कोड उत्तम, काम चोख, पण वाटायला गेलं तर वकील दारात. एमपीथ्री अग्लीत होता. आणि त्या बायकांचा आवाजही अग्लीत होता.

मी तेव्हा हिशेब मांडून बघितला. नाच त्यांचा, गाणं त्यांचं, फोन पोराच्या बापाने तेंदूच्या हंगामाच्या पैशातून घेतलेला. फोनच्या किमतीत एएमआरची रॉयल्टी कंपनीने भरलेली असणार, म्हणजे ती याच घराने दिलेली. (चायना मोबाइल असेल तर कुणी दिली असेल देव जाणे.) तरीही तोच आवाज त्याच पोराच्या दुसऱ्या यंत्रावर ऐकायचा तर परवानगी वेगळी, देणारा वेगळा. २००९ मध्ये अँड्रॉइडच्या निमित्ताने ओपनकोअर नावाने एएमआरचा कोड उघडा झाला आणि उबुंटूवर तो मिळायला लागला. त्याआधी भलत्या-सलत्या ठिकाणाहून पॅकेजं ओढावी लागायची. पोराचं काम आम्ही करून दिलं. कसं ते विचारू नका.

इथल्या माणसाला हे सांगताना मला उदाहरण शोधावं लागलं नाही, कारण तेच उदाहरण तेव्हा पेपरात रोज येत होतं. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. कायद्यात बांबू गौण वनोपज म्हणून स्पष्ट लिहिलेला. गावाने तोडायचं ठरवलं. पण बांबू गावाबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना लागतो, ज्याला इकडे सगळे टीपी म्हणतात, आणि टीपीचं पुस्तक वन विभागाकडे. बांबू तुमचा, गाडीत चढला की तुमचा नाही. गावचे नेते देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांनी ते भांडण धीराने लावून धरलं, आणि २७ एप्रिल २०११ ला तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि टीपीचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. दुकानात मी गिऱ्हाइकाला म्हणायचो, तुमचं गाणं आहे हो, फक्त टीपी नाही. लगेच समजायचं. तुलना फार ताणू नये हेही खरं. बांबूवर घरं चालतात, गाण्यावाचून कुणाची चूल विझत नाही. पण वस्तू एकाकडे आणि तिच्या हालचालीचा कागद दुसऱ्याकडे, ही रचना या जिल्ह्यांना शिकवावी लागत नाही.

डाउनलोड हा स्वतंत्र छळ होता. बीएसएनएलच्या ब्रॉडबँडचा एक प्लॅन होता, ज्यात रात्री दोन ते सकाळी आठ कितीही ओढा, हिशेब नाही. त्यामुळे त्या काळात लिनक्स वापरणाऱ्यांची एक जमातच रात्री दोनचा गजर लावून उठायची. ‘डब्ल्यूगेट’ लावायचं, जिथे तुटेल तिथून पुढे ओढायला सांगायचं, आणि झोपायचं. सकाळी बघावं तर तीनलाच वीज गेलेली. दोन हजारांवर मेगावॅट वीज काढणारं केंद्र गावाच्या उशाशी, आणि गावात भारनियमन. यावर आमच्याकडे जेवढे विनोद झाले तेवढे दुसऱ्या कशावर झाले नसतील.

तरी चंद्रपूर म्हणजे शहर. खरी मजा गडचिरोलीकडची. तीन चतुर्थांश जिल्हा जंगल, आणि भामरागड तर जिल्ह्याच्या ठिकाणापासूनही पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. पर्लकोटा नदीला पूर आला की पुलावरून पाणी आणि तालुका तुटला. तिकडच्या एका आश्रमशाळेत उबुंटूचे संगणक होते आणि इंटरनेटचा पत्ता नव्हता. लिनक्सची सगळी रीतच अशी की पॅकेज नेटवरून ओढायचं. एक ओढलं की ते म्हणणार मला आणखी पाच लागतात, त्या पाचांना आणखी बारा. नेट नसलेल्या यंत्रावर हे हाताने करायला गेलं तर माणूस वेडा होतो.

याचा तोडगा रितेश राज सर्राफ या भारतीय डेबियन डेव्हलपरने काढला होता: ‘ॲप्ट-ऑफलाइन’. कल्पना साधी. नेट नसलेल्या यंत्राला विचारायचं, तुला काय काय हवं? ते एक छोटीशी फाइल लिहून देतं. ती पेन ड्राइव्हवर घेऊन नेट असलेल्या यंत्राकडे जायचं. ते यंत्र यादी वाचून सगळा माल ओढून एका गाठोड्यात बांधतं. गाठोडं परत नेऊन पहिल्या यंत्रात सोडायचं. ज्याने कधी तरी खराब नेटवर डोकं आपटलेलं आहे त्यालाच असलं काही सुचतं. परदेशातल्या हुशार मंडळींच्या हे लक्षातच आलं नसतं असं मी म्हणत नाही, पण त्यांना रात्री झोप यावी इतपत नेट होतं.

आमचा नेट असलेला संगणक चंद्रपुरात, नेट नसलेला पर्लकोटेपलीकडे. मधल्या तारेचं काम एसटीने केलं. शाळेतल्या सरांनी पेन ड्राइव्ह काडेपेटीत घालून, वर दोरा गुंडाळून, आधी आलापल्लीच्या गाडीवाल्याकडे दिली; तिथून ती अहेरी-चंद्रपूर गाडीच्या कंडक्टरच्या खाकी खिशात बसून आष्टी, गोंडपिपरी करत आली. चंद्रपूरच्या स्टँडवर मी वाट बघत उभा. परतीचा प्रवास त्याच रस्त्याने. कंडक्टरने एकदाच विचारलं, आत काय आहे? मी म्हटलं, यादी. तो म्हणाला, किराण्याची?

आणि तरीही फ्लॅश बसला नाही. याचं कारण मला फार आवडतं, कारण त्यात सगळ्या व्यवस्थेचं मर्म आहे. फ्लॅशचं जे पॅकेज उबुंटू वाटायचं त्यात फ्लॅश नसायचाच. कायद्याने ठेवता येत नव्हता. त्यात फक्त एक छोटी स्क्रिप्ट असायची, जी बसवण्याच्या क्षणी बाहेर नेटवर जाऊन खरा फ्लॅश आणायची. म्हणजे आम्ही एसटीने शेकडो किलोमीटर जे पाठवलं तो फ्लॅश आणायला जाणारा निरोप्या होता, आणि भामरागडात त्याला जायला रस्ताच नव्हता. मायक्रोसॉफ्टच्या फॉन्टचंही तसंच. वर त्याच्यासाठी टर्मिनलमध्ये रंगीत पडद्यावर लांबलचक करारनामा यायचा, खाली ‘ओके’ लिहिलेलं, आणि त्यावर माउस कितीही आपटला तरी ढिम्म. टॅब दाबायचा, मग एंटर. फोनवर हे टॅबचं प्रकरण सांगण्यात माझं बरंच आयुष्य गेलं आहे. तो करारनामा सरळ वाचलेला माणूस मला आजवर भेटलेला नाही. शेवटी अडोबीच्या साइटवरून फ्लॅशची मूळ गाठोडी उतरवून, तीच ती एक फाइल, काडेपेटीतून पुन्हा पाठवली.

शुद्ध मार्गाने जाणारेही होते. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने लिनक्स शिकवणारे धडे मराठीत बोलून दिले, आणि ते ओजीव्ही प्रकारात ठेवले, ज्यावर कुणाचं पेटंट सांगितलं जात नाही. ते उबुंटूवर पहिल्या दिवसापासून चालायचे. प्लगइन कसं बसवायचं हे सांगायला आधी प्लगइन लागत नव्हतं. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या एका छोट्या शाळेत ‘एका मुलाला एक लॅपटॉप’चे हिरवे-पांढरे संगणक आले, त्यांतही खऱ्या फ्लॅशऐवजी जीएनयूचा मुक्त ‘नॅश’ घातलेला होता. नॅश सज्जन होता, पण निम्म्या ठिकाणी अडायचा. आणि पोरांना सज्जनपणा नको असतो, चित्र हलायला हवं असतं. मी स्वतः दोन्हीकडे राहिलो: दुकानात अग्ली टाकून द्यायचा आणि घरी मित्रांशी मुक्त सॉफ्टवेअरवर वाद घालायचा. यात मला विसंगती वाटत नव्हती. गिऱ्हाइकाने कुठलं तत्त्व पाळावं हे ठरवायला तो माझ्याकडे डबा घेऊन आलेला नव्हता.

मग हे सगळं भराभर संपलं. जानेवारी २०१५ मध्ये यूट्यूबने फ्लॅश सोडून एचटीएमएल-५ धरलं. त्याच वर्षी क्रोमने जुन्या पद्धतीची प्लगइनं घेणं बंद केलं. मार्च २०१७ मध्ये फायरफॉक्सने, फ्लॅशचा अपवाद ठेवून. एप्रिल २०१७ मध्ये एमपीथ्रीचा परवाना देणंच थांबलं, पेटंटं म्हातारी होऊन मेली. आणि ३१ डिसेंबर २०२० ला खुद्द फ्लॅश. आज वडशात एखाद्या झाडीपट्टी नाटक कंपनीच्या ऑफिसात जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट टाकून द्या, दिवाळी ते होळीच्या हंगामातल्या नाटकांच्या सगळ्या क्लिपा यूट्यूबवर लागलीच दिसतात, ऐकू येतात. तो कंपनीवाला मला काही विचारत नाही. विचारायला काही उरलंच नाही. आमच्या दुकानाचंही तेच झालं.

प्लगइनांची मला आठवण येत नाही. फ्लॅश भोकांनी भरलेला होता, पंखा घोंघावायला लावायचा, लिनक्सवाल्यांना तर कंपनीने सावत्रच वागवलं. आठवी आवृत्ती आम्हाला दिलीच नाही, सातवरून थेट नववी, तीही जानेवारी २००७ मध्ये. मेला ते बरं झालं. पण कुलूप गेलं असं समजणाऱ्यांनी फायरफॉक्सवर एखादी ओटीटी साइट उघडून बघावी. वर एक पट्टी येते, चित्र बघायला ‘डीआरएम’ चालू करा म्हणून. आत गुगलचा वाइडवाइन नावाचा बंद डबा ब्राउझर स्वतःच मागच्या दाराने आणून बसवतो. वर्ल्ड वाइड वेबच्या मानकं ठरवणाऱ्या संघाने २०१७ मध्ये याला जागा करून देणाऱ्या मानकावर अधिकृत शिक्का मारला. इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशन त्यावरून संघ सोडून गेली. लिनक्सवर त्यातल्या बऱ्याच सेवा चित्रही खालच्या दर्जाचं देतात, पैसे तेवढेच घेऊन. माझ्या भाच्याला मी ती पट्टी दाखवली. तो म्हणाला, “मामा, ते ‘एनेबल’ दाबा ना, मॅच सुरू झाली.” आता तुम्ही कुठल्या देशात राहता, तुमच्याकडे परवाना आहे का, संशोधन करता का, असं कुणी विचारत नाही. ती जुनी खिडकी मला म्हणून आठवते.

फ्लॅशसोबत जे बुडालं त्यात खेळ आणि जाहिरातींइतकेच धडेही होते. डिजिटल शाळांच्या लाटेत जिल्हा परिषदेच्या आणि आश्रमशाळांच्या मास्तरांनी जमवलेल्या सीड्यांत ढीगभर मराठी धडे ‘एसडब्ल्यूएफ’मध्ये होते, काही विकत घेतलेले, काही कुणा हौशी गुरुजीने रात्र-रात्र बसून केलेले. यूट्यूबवर त्यांच्या तोडीचं पुष्कळ आहे, पण यूट्यूबला नेट लागतं.

भामरागडकडचे ते सर गेल्या मे महिन्यात चंद्रपुरात आले होते, सीड्यांचं पाकीट घेऊन. मी त्यांना ‘रफल’ दाखवला. जगभरच्या स्वयंसेवकांनी नव्याने लिहिलेला, फ्लॅशची नक्कल करणारा मुक्त प्रोग्राम. इंटरनेट अर्काइव्हने नोव्हेंबर २०२० मध्ये आपल्याकडचे जुने फ्लॅश खेळ त्याच्यावरच जिवंत केले. तो बसवावा लागत नाही. फाइल उघडली की चालतो, नेटशिवाय, आणि काही कबूल करून घेत नाही. आम्ही एकेक धडा लावून बघितला. पचनसंस्थेचा चालला. घास अन्ननलिकेतून खाली उतरताना मध्येच थोडा अडखळला, पण उतरला. परिवलन-परिभ्रमणाचा चालला. अन्नसाखळीतला वाघ हरणामागे धावला. अपूर्णांकांची प्रश्नमंजूषा पहिल्याच प्रश्नावर अडून बसली. ती फ्लॅशच्या नंतरच्या भाषेत लिहिलेली आहे, आणि त्या भाषेतलं सगळं अजून रफलला जमत नाही.

चालणारे धडे आणि रफल एका पेन ड्राइव्हवर टाकून दिले. सरांना ते पाऊस लागायच्या आत तिकडे न्यायचे होते. अपूर्णांकांची फाइल माझ्याकडेच ठेवून गेले. नव्या आवृत्तीत चालली तर फोन करा, नाहीतर भाकरीचे तुकडे करून शिकवतोच आहे, म्हणाले.